मेरेबच्या अलीकडे, पलीकडे

“तो आमचा नव्हे. तो नदीपलीकडचा,” असं म्हणून तिने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली. रोमच्या तेर्मिनी स्थानकाजवळच्या गल्ल्यांमध्ये एरिट्रियन लोकांच्या खाणावळी आहेत, त्यांतल्या एकीत मी बसलो होतो. समोरच्या थाळ्यात टेफच्या पिठाची आंबूस वासाची जाळीदार इंजेरा पसरलेली, तिच्यावर बेर्बेरे मसाल्यातली लालभडक डाळ, आणि आतून कॉफीचे दाणे भाजल्याचा धूर येत होता. आपलं घर एरिट्रियाच्या राजधानीतलं, अस्माराचं, हे तिने आधीच सांगितलं होतं. म्हणून मी मोठ्या उत्साहाने इथिओपियाच्या जुन्या सेनानीचं, रास अलुलाचं नाव काढलं. ज्याने अस्मारात आपली राजधानी थाटली, ज्याने इटालियन फौजेची एक अख्खी तुकडी कापून काढली, त्याचं नाव रोममध्ये पोटापाण्यासाठी राहणाऱ्या अस्माराच्या बाईला सुखावेल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाची चौकशी कोणी आपल्याकडे करावी, तसा परकेपणा होता. बिल देताना मात्र ती आपणहून म्हणाली, “आमच्याकडे तो करवसुलीला यायचा.” डाळ चांगली तिखट होती, पण माझं जेवणात लक्ष लागलं नाही. ते वाक्य नंतर कित्येक दिवस डोक्यात घोळत राहिलं.

जेवायला जाण्याआधी मी दोगालीचा स्तंभ पाहून आलो होतो, हेही त्या उत्साहाचं एक कारण. तेर्मिनीसमोर जिथे बसगाड्या थांबतात त्या मोठ्या मैदानाचं नाव ‘पाचशेंचा चौक’. रोज लाखो माणसं बॅगा ओढत तिथून जातात. हे पाचशे म्हणजे २६ जानेवारी १८८७ रोजी दोगालीला अलुलाच्या कचाट्यात सापडलेले इटालियन सैनिक. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी स्थानकासमोर एक स्तंभ उभारला. पुढे तो तिथून हलवून जवळच्याच बागेत नेला. स्तंभ इटलीचाही नाही. रामसेस दुसरा याच्या काळातला हा इजिप्तचा दगड प्राचीन रोमनांनी आपल्या शहरात आणला होता, मध्ये कित्येक शतकं तो गाडला गेला आणि १८८३ मध्ये पुन्हा सापडला. चौथऱ्यावर मेलेल्या सैनिकांची नावं आहेत. मी ती वाचत गेलो. कोणी कुठल्या खेड्यातला, कोणाची आई तिकडे वाट बघत राहिली असेल. बाकांवर बेघर माणसं झोपली होती, आणि सगळीकडे जुनाट ओल आणि सिगारेटचा वास होता. ज्याच्यामुळे हा दगड इथे उभा राहिला त्याचं नाव मात्र मला त्या नावांत शोधूनही मिळणार नव्हतं. आणि त्याच्या बाजूने त्या दिवशी जे मेले त्यांची नावं तर कोणत्याच देशात, कोणत्याच दगडावर नाहीत.

अलुला एंगिदा हा तिग्रे प्रांतातल्या तेंबियेनचा. मनावे नावाच्या गावचा शेतकऱ्याचा मुलगा. इथिओपियात ‘रास’ ही पदवी राजघराण्याच्या अगदी खालोखालची, आणि ती बहुतेक वेळा रक्ताच्या नात्यानेच चालत येणारी. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट तिकडे सांगतात. लग्नघरी भाकरीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या लोकांना गावच्या पोरांनी वाटेत अडवलं. टोळीचा म्होरक्या अलुला. कुठे निघालात, असं त्याने दरडावून विचारलं, तेव्हा त्या लोकांनी चेष्टेने उत्तर दिलं, “रास अलुलाच्या वाड्यावर!” तेव्हापासून गाव त्याला त्याच नावाने चिडवू लागलं. मोठेपणी ती पदवी त्याने खरोखर मिळवली, म्हणून ही गोष्ट टिकली असणार. गोष्ट खरी असो नसो, मला ती आवडते. शेतकऱ्याच्या पोराने अडवलेली ती वाट आणि पुढे मसावाच्या बंदराकडून डोंगर चढू पाहणाऱ्या युरोपी फौजेची त्याने अडवलेली वाट, ही दोन्ही चित्रं माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात.

तो ज्याच्या पदरी वाढला तो तिग्रेचा सरदार कासा. या कासाच्या उदयात मुंबईचा हात आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. सम्राट तेवोद्रोसने युरोपी माणसांना कैदेत टाकलं म्हणून इंग्रजांनी १८६७-६८ मध्ये जी मोहीम काढली, तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा मुख्य होता. मुंबई बंदरातून माणसं, खेचरं, चव्वेचाळीस हत्ती असा लवाजमा निघाला आणि लाल समुद्रावरच्या झुलाच्या किनाऱ्यावर उतरला. त्यात हिंदी शिपाईच जास्त. कासाने त्यांना आपल्या मुलुखातून वाट दिली, धान्य मिळू दिलं. परत जाताना नेपियरने त्याला तोफा आणि शेकडो बंदुका भेट दिल्या. त्या शस्त्रांच्या बळावर कासाने १८७१ मध्ये आपल्याहून कितीतरी मोठं सैन्य घेऊन आलेल्या प्रतिस्पर्ध्याला अडवाजवळ हरवलं आणि पुढच्या वर्षी अक्सुमला चौथा योहान्नेस म्हणून स्वतःला अभिषेक करवून घेतला. आपल्याकडे हबशी म्हटलं की मलिक अंबर आठवतो, जंजिरा आठवतो. तिकडून इकडे आलेली माणसं आपल्याला ठाऊक असतात. इकडून तिकडे गेलेल्या या बंदुकांची आठवण आपल्याकडे कोणी ठेवलेली नाही.

योहान्नेसच्या पदरी अलुला वर चढला तो लढायांतून. इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, लाल समुद्राकडून हबशी पठारावर चाल केली, त्याच्या फौजेत युरोपी अधिकारी होते, अमेरिकेतल्या यादवी युद्धातले मुरलेले सेनानीही होते. नोव्हेंबर १८७५ मध्ये गुंडेतला आणि मार्च १८७६ मध्ये गुराला त्या फौजेचा धुव्वा उडाला. दोन्हीकडे अलुला होता. त्याच वर्षी योहान्नेसने त्याला रास केलं आणि मेरेब मेलाश, म्हणजे मेरेब नदीपलीकडचा मुलूख, त्याच्या हवाली केला. आजच्या एरिट्रियाचं पठार ते हेच. म्हणजे खाणावळीतल्या त्या बाईने ‘नदीपलीकडचा’ म्हटलं, तेव्हा नदी तीच होती, फक्त ती दुसऱ्या काठावर उभी होती.

आणि दुसऱ्या काठावरून पाहिलं की माणूस वेगळा दिसतो.

हमासेनचे जुने सरदार पिढ्यान्‌पिढ्या त्या पठारावर नांदत होते. त्यांच्या उरावर दक्षिणेकडून आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा बसला. त्यांचा मुख्य वोल्देमिकाएल सोलोमोन कधी इजिप्तकडे तर कधी योहान्नेसकडे झुकत राहिला. १८७९ मध्ये त्याला पकडून डोंगरी किल्ल्यावर कैदेत टाकलं. त्या काळी सैन्याला पगार नसे. शिपाई ज्या गावात उतरेल त्या गावाने त्याला पोसायचं, त्याच्या घोड्याला चारायचं. हजारो शिपायांचं ठाणं ज्या पठारावर कायमचं पडलं तिथल्या शेतकऱ्याच्या कणगीत काय उरत असेल याचा विचार मी आधी केला नव्हता. पश्चिमेच्या सखल मुलुखातल्या कुनामा आणि नारा या लोकांचं तर याहून वाईट झालं. १८८६ मध्ये अलुलाच्या फौजेने त्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, गुरं हाकून नेली, माणसं मारली. या लोकांच्या आठवणीत तो आक्रमणातून देश वाचवणारा वीर नाही.

हे वाचताना मला राहून राहून बंगाल आठवत होता. आम्ही शाळेत भोसल्यांच्या बंगाल मोहिमा अटकेपार झेंड्याच्या चालीवर शिकलो. भास्करराम, कटकपर्यंतचा मुलूख, चौथाई. पुढे कधीतरी कळलं की तिकडे आया अजून तान्ह्या बाळाला थोपटताना ‘बर्गी आले’ म्हणतात, आणि त्याच अंगाईत पुढे पाखरांनी धान्य खाल्लं, आता खंडणी कशी द्यायची, असा घोर आहे. तो बर्गी म्हणजे आपलाच बारगीर. ते प्रथम ऐकलं तेव्हा जे वाटलं होतं, नेमकं तेच त्या खाणावळीत वाटलं. करवसुलीला यायचा. एका ओळीत दीडशे वर्षांचा इतिहास तिने उलटा करून माझ्यासमोर ठेवला होता, आणि तोही खरा होता.

तरीही अलुलाबद्दलची माझी ओढ कमी झाली नाही, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही. कारण त्याच्याशी जे वागले त्यांचं वागणं पाहिलं की जीव तुटतो. १८८४ मध्ये इंग्रज ॲडमिरल ह्युएट अडव्याला आला आणि त्याने योहान्नेसशी तह केला. सुदानात स्वतःला महदी म्हणवणाऱ्या धर्मनेत्याचं बंड उसळलं होतं, इजिप्तची ठाणी तिथे अडकून पडली होती. हबश्यांनी त्यांना सुखरूप बाहेर काढावं, बदल्यात केरेनचा मुलूख परत मिळेल आणि मसावा बंदरातून मालाची, शस्त्रांचीसुद्धा, ने-आण मोकळी राहील. अलुलाने शब्द पाळला. ठाणी सोडवली. त्याच वर्षी त्याने अस्मारा या छोट्या वस्तीत आपलं मुख्य ठाणं हलवलं, कारण तिथून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर राहत होती. सप्टेंबर १८८५ मध्ये कुफितला उस्मान दिग्नाच्या महदी फौजेशी त्याची घनघोर लढाई झाली. तो जिंकला, पण त्याची उत्तम माणसं तिथे पडली. आणि तो असा इंग्रजांच्या कामासाठी रक्त सांडत असताना मसावा केव्हाच दुसऱ्याच्या घशात गेलं होतं. ५ फेब्रुवारी १८८५ रोजी इटलीची फौज तिथे उतरली, इंग्रजांच्या संमतीने. तहाची शाई वाळून वर्षही झालं नव्हतं.

केरेनचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९४१ च्या मार्चमध्ये याच केरेनच्या उघड्याबोडक्या सुळक्यांवर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची माणसं इटालियनांशी लढली. सातारा-कोल्हापूरकडची, कोकणातली पोरं. ज्या डोंगरांसाठी अलुला आयुष्यभर झगडला, त्यांच्या दगडांत ती मेली. पलटणीच्या युद्धसन्मानांत केरेन कोरलेलं आहे. गावाकडे परत आलेल्या किती जणांना तो मुलूख कोणाचा होता हे कोणी सांगितलं असेल?

मसावा हे समुद्रसपाटीवरचं उकळतं बंदर आणि अस्मारा सव्वादोन हजार मीटर उंचीवर. मधला उतार काटेरी बाभळींचा, लाल धुळीचा, कोरड्या नाल्यांचा. इटालियन हळूहळू आत सरकले, साहाती नावाच्या पाणवठ्यावर त्यांनी तटबंदी केली. वाळवंटी मुलुखात पाणवठा धरणं म्हणजे वाट धरणं. मागे हटा, असं अलुलाने बजावलं. कोणी ऐकलं नाही. रोमच्या संसदेत तर परराष्ट्रमंत्री रोबिलांतने ‘चार लुटारू’ म्हणून हा विषय झटकून टाकला होता. २५ जानेवारी १८८७ रोजी अलुलाने साहातीवर हल्ला केला. तटामागच्या तोफांपुढे तो फसला, माणसं गेली, माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी साहातीला रसद आणि कुमक घेऊन कर्नल दे क्रिस्तोफोरिसची पाचशे जणांची तुकडी निघाली. उघड्या वाटेवर दोगालीजवळ ती त्याच्या हाती सापडली. तुकडीपाशी मशीनगन होत्या, त्या अडकल्या. एका टेकडीवर गोल करून ते लढले आणि जवळजवळ सगळे तिथेच पडले. ऐंशीच्या आसपास जखमी तेवढे वाचले. आदल्या दिवशीच्या पराभवानंतर चोवीस तासांत सैन्य पुन्हा उभं करून असा घाव घालणारा सेनानी विरळा. रोममध्ये सरकार कोसळलं.

पण त्याच्या स्वतःच्या सम्राटाला हे रुचलं नाही असं सांगतात. योहान्नेसला इटलीशी उघड युद्ध नको होतं, त्याच्या मागे महदीवाले होते, पुढे दक्षिणेकडच्या शोआ प्रांताचा राजा मेनेलिक इटलीकडून बंदुका घेत होता. त्याच वर्षाच्या शेवटी कैरोहून जेराल्ड पोर्टल हा इंग्रज वकील तडजोडीला आला. अलुलाने त्याला आपल्या मुलुखात अडकवून ठेवलं. इटालियनांना साहाती द्या, या मागणीवर अलुलाचं उत्तर प्रसिद्ध आहे: मला रोमचा सुभेदार होऊ देणार असतील तर त्यांनी साहातीला यावं. सरळ हिशोब. ज्याच्या घराच्या उंबऱ्यात कोणी पाय ठेवलाय त्यालाच इतक्या स्वच्छ भाषेत बोलता येतं. पोर्टलच्या देशातल्या कोणाला या उत्तरात उर्मटपणाखेरीज काही दिसलं असेल का, मला शंका आहे.

पुढची दोन वर्षं वाचताना पान उलटायला हात धजावत नाही. इटलीने वीस हजारांची फौज आणली. १८८८ मध्ये महदीवाल्यांनी गोंदार लुटून जाळलं. त्यातच गुरांची साथ आली, आणि ही साथ मसाव्यातल्या इटालियन फौजेसाठी हिंदुस्थानातून आणलेल्या जनावरांबरोबर तिथे उतरली असं मानलं जातं. दहातली नऊ गुरं मेली. बैल नाही म्हणजे नांगर नाही, त्यात पावसाने पाठ फिरवली, वर टोळधाड. १८८८ ते १८९२ ही वर्षं तिथल्या लोकांनी ‘वाईट दिवस’ म्हणून लक्षात ठेवली. एक तृतीयांश माणसं गेली असा अंदाज सांगतात. मार्च १८८९ मध्ये मेतेम्माला महदी फौजेशी लढताना जिंकत आलेली लढाई योहान्नेसला गोळी लागल्याने उलटली. सम्राटाचं मुंडकं विजयाची खूण म्हणून ओमदुर्मानला नेलं. अलुला त्या रणावर होता. ज्याच्यासाठी चाकरी केली तो धनी गेला, आणि दोन महिन्यांत नवा सम्राट मेनेलिक याने उचालीच्या तहात अस्मारासह उत्तरेचा पट्टा इटलीला लिहून दिला. ऑगस्टमध्ये इटालियन अस्मारात शिरले. एकही मोठी लढाई न होता. जिथे तोफांनी येता आलं नव्हतं तिथे ते कागदाने आले. १ जानेवारी १८९० रोजी त्या मुलुखाचं नाव एरिट्रिया ठेवलं गेलं.

मेनेलिकला मी दोष देतो का? त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. गादी डळमळीत, दुष्काळ दारात, तिग्रेचे सरदार विरोधात. पण अलुलाला काय वाटलं असेल हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याने आपला मुलूख देऊन टाकला त्याच्यापुढेच १८९४ मध्ये तो गेला आणि अदिस अबाबात त्याने निष्ठा वाहिली. दोन वर्षांनी, १ मार्च १८९६ रोजी, अडव्याच्या डोंगरांत सगळ्या इथिओपियाने मिळून इटालियन सेनापती बारातिएरीच्या सतरा हजारांवर फौजेचा चुराडा केला, तेव्हा आपल्या जन्मप्रांतातल्या त्या टेकड्यांवर अलुलाही होता. त्या दिवशी इथिओपिया वाचला. आफ्रिकेतल्या आणि बाहेरच्या कितीतरी गुलाम देशांना त्यामुळे धीर आला. अलुलाला तिथे थांबायचं नव्हतं. पळणाऱ्या फौजेचा पाठलाग करून मेरेब ओलांडू, अस्मारा घेऊ, समुद्र गाठू, असं त्याचं म्हणणं होतं असं सांगतात. मेनेलिकने मान्य केलं नाही. सैन्य उपाशी होतं, खेचरं मरत होती, कारणं खरी होती. ऑक्टोबरात तह झाला. मेरेब ही सीमा राहिली. इतिहासातला एवढा मोठा विजय मिळूनही अलुलाचं ठाणं नदीच्या त्या अंगालाच राहिलं.

वर्षभरात तो गेला. इजिप्तच्या, महदीच्या, इटलीच्या गोळ्यांनी जे साधलं नाही ते शेजारच्या भांडणाने साधलं. तेंबियेनच्या रास हागोसशी जमिनीच्या हद्दीवरून आणि सत्तेवरून वैर पेटलं, १८९७ च्या जानेवारीत दोघांची लढाई झाली, हागोस मेला आणि अलुला जखमी होऊन फेब्रुवारीत. अडव्याजवळच्या अब्बा गरिमा मठात त्याला पुरलं. जगातल्या सगळ्यात जुन्या सचित्र बायबल पोथ्यांपैकी काही याच मठात आहेत. तिग्रेत त्याला अजूनही त्याच्या घोड्याच्या नावाने ओळखतात, अलुला अबा नेगा. तिग्रेची राजधानी मेकेले, तिथल्या विमानतळाला तेच नाव आहे.

रोममधल्या त्या दोगालीच्या स्तंभाच्या पायाशी मुसोलिनीच्या माणसांनी अदिस अबाबातून लुटून आणलेला ज्यूदाचा सोनेरी सिंह, इथिओपियाच्या सम्राटांचं चिन्ह, ठेवला होता. १९३८ च्या जूनमध्ये झेराय देरेस नावाचा एक तरुण तिथे आला, सिंह पाहून गुडघे टेकून बसला, आणि अडवायला आलेल्यांवर तलवार घेऊन धावला. १९४५ मध्ये तो सिसिलीतल्या वेड्यांच्या इस्पितळात मेला. झेराय एरिट्रियाचा होता. इथिओपियाच्या सिंहासाठी, अलुलाच्या हातून मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडापुढे, नदीच्या त्या काठचा माणूस तलवार उपसतो. म्हणून ‘तो आमचा नव्हे’ हे वाक्यही मला पूर्ण खरं मानता येत नाही. या दोन काठांमध्ये किती नाती आहेत आणि किती घाव, हे परक्याने बाहेरून ठरवू नये एवढं मात्र कळतं.

१९९८ ते २००० या काळात त्याच सीमेवर दोन्ही देश लढले, हजारो तरुण मेले. २०१८ च्या सप्टेंबरात सीमा उघडली तेव्हा वीस वर्षं दुरावलेले नातलग रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत रडत होते. काही महिन्यांत फाटकं परत बंद झाली. मग २०२० मध्ये तिग्रेवर युद्ध आलं. पुढच्या जूनमध्ये मेकेले परत घेताना तिग्रेच्या फौजांनी आपल्या मोहिमेला अलुलाचं नाव दिलं. त्या युद्धात त्यांच्याविरुद्ध उतरलेल्यांत अदिस अबाबाच्या सैन्याबरोबर एरिट्रियाचेही सैनिक होते, आणि त्यांना हुकूम सुटत होते ते अस्मारातून.